थोरला उत्तरेत राहिला

कन थोच्या धक्क्यावर पहाटे आम्ही होडीत बसलो, तेव्हा काठावरचे सगळे आमच्या नावाड्याला 'आन हाय' अशी हाक मारत होते. 'आन' म्हणजे दादा आणि 'हाय' म्हणजे दोन. दहापर्यंतचे आकडे शिकले होते म्हणून एवढं कळलं. हा घरातला दुसरा मुलगा असावा, असं मी धरून चालले. आमच्या बरोबरचा तरुण मार्गदर्शक म्हणाला, "नाही को, हाच थोरला. दक्षिणेत आम्ही थोरल्याला दोन म्हणतो, त्याच्या पाठच्याला तीन. एक कुणालाच म्हणत नाही."

'को' म्हणजे आत्या. सायगॉनच्या विमानतळावरून शहरात येतानाच त्याने आम्हा चौदा जणांची वयं विचारून घेतली होती. व्हिएतनामी भाषेत नातं ठरल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. समोरचा काका, मावशी, दादा, ताई, भाचा यांपैकी कोण, हे आधी ठरवायचं आणि मग बोलायचं. आपल्याकडे अनोळखी भाजीवालीला मावशी म्हणतो, तसंच. पण आपल्याला 'तुम्ही' म्हणून सुटता येतं, त्यांना येत नाही. तो मला आत्या म्हणे आणि स्वतःला 'कोन', म्हणजे लेकरू.

मग एक नंबर कुठे गेला? त्याने सांगितलेलं कारण असं. पूर्वी उत्तरेकडून माणसं दक्षिणेला निघाली, तेव्हा थोरला मुलगा घरी राहिला. आईवडिलांपाशी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यापाशी. निघाले ते दुसरे, तिसरे, चौथे. म्हणून दक्षिणेत मोजणी दोनापासून सुरू होते. याची आणखीही कारणं लोक सांगतात. उत्तरेत थोरल्याला 'का' म्हणतात आणि दक्षिणेतल्या खेड्यांत तोच शब्द गावच्या प्रमुखाच्या पदवीत होता, तेव्हा तो घरातल्या पोराला कसा लावायचा, हे एक. थोरल्यावर भुताखेतांची नजर पडू नये म्हणून त्याला दुसरा म्हणायचं, हे दुसरं. पण मला पहिलं कारण सोडवेना. पुढचे बारा दिवस, गाडीत, होडीत, देवळांच्या पायऱ्यांवर, मी तेच घोळवत राहिले, कारण आमचा प्रवास नेमका त्या पहिल्याच्या शोधात निघाल्यासारखा होता. आम्ही दक्षिणेकडून उत्तरेला चाललो होतो.

व्हिएतनामी लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात. बांबूची दांडी आणि तिच्या दोन टोकांना भाताच्या दोन टोपल्या. वरची टोपली लाल नदीचं खोरं, खालची मेकाँगचं. मधली दांडी म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, एके ठिकाणी तर जेमतेम पन्नास किलोमीटर रुंद. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 1,650 किलोमीटर. नकाशा समोर धरला की उपमा तंतोतंत पटते. फक्त ती एक गोष्ट झाकून ठेवते. या कावडीच्या दोन्ही टोपल्या एकाच वेळी भरल्या नाहीत. वरची टोपली दोन हजार वर्षांपूर्वीही माणसांनी गजबजलेली होती. खालची टोपली या लोकांच्या हाती येऊन तीन-सव्वातीन शतकंच झाली आहेत. मधली दांडी त्यांनी वितीवितीने, सुमारे सातशे वर्षं खपून लांबवली. व्हिएतनामीत या सरकत जाण्याला 'नाम तिएन' म्हणतात. दक्षिणेकडची चाल.

तेव्हा जो दक्षिणेत उतरतो आणि जमिनीवरून सावकाश उत्तरेला जातो, तो या देशाच्या वाढीच्या उलट चालतो. झाडाच्या शेंड्यावरून खोडाकडे उतरावं तसा. वाटेतलं जवळजवळ प्रत्येक मुक्कामाचं गाव कधीतरी या देशाचं शेवटचं टोक होतं. त्याच्या पलीकडे दुसऱ्यांचं राज्य होतं, दुसरी भाषा होती, दुसरे देव होते. एकामागून एक अशा जुन्या सीमा ओलांडत आपण मागे जातो. हे समजायला वेळ लागतो आणि म्हणूनच सहलही सावकाश हवी. मुंबईहून निघणाऱ्या बऱ्याच सहली आठवड्यात बसवलेल्या असतात. हनोई, मग विमान, दा नांग, मग विमान, सायगॉन. रजा तेवढीच असेल तर तेही बघावं, जरूर बघावं. पण विमान त्या दांडीवरून उडून जातं, आणि या देशाची सगळी गोष्ट दांडीवर लिहिलेली आहे. आमच्या पंधरा दिवसांच्या सहलीत देशाच्या आत एकही विमान नव्हतं. रेल्वे, बस, होडी आणि पाय.

सायगॉनबद्दल मी थोडक्यात सांगते. शहर तरुण आहे, घाईत आहे आणि आपलं तारुण्य लपवत नाही. 1698 मध्ये, तेव्हा दक्षिण ताब्यात असलेल्या न्वेन सरदारांच्या एका सेनाधिकाऱ्याने इथे ठाणं बसवलं. त्याआधी इथे ख्मेर लोकांचं प्रे नोकोर नावाचं बंदर होतं. 30 एप्रिल 1975 ला ज्या राजवाड्याचं फाटक तोडून उत्तरेच्या सैन्याचा रणगाडा आत शिरला, तो राजवाडा आम्ही पाहिला. पण मला जास्त सांगून गेला तो मेकाँगचा प्रदेश. तिथले कालवे बघा. नद्या वळणं घेतात, कालवे मात्र दोरीत आखल्यासारखे सरळ जातात. चाव दॉकपासून हा तिएनपर्यंतचा विन्ह ते कालवा 1819 ते 1824 या काळात माणसांनी हातांनी खणला. त्यात मेलेल्यांची आठवण तिथे अजून काढतात. ही जमीन निसर्गाने दिली हे खरं, पण राहण्याजोगी केली ती दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या मुलांनी. काय रांगच्या तरंगत्या बाजारात प्रत्येक होडीवर एक बांबू उभा असतो आणि त्याच्या टोकाला त्या होडीतला माल लटकवलेला असतो. अननस, भोपळा, कांदे. पाटी वाचायची गरज नाही, हाक मारायची गरज नाही. निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या आणि एकमेकांची बोली पुरती न कळणाऱ्या माणसांनी एकमेकांना विकायचं कसं, याचं ते उत्तर वाटतं.

चांद्र नववर्षाचा सण, तेत, नुकताच संपला होता. सायगॉनमध्ये घराघरांसमोर 'माय'ची पिवळी फुलं अजून कुंड्यांत होती. आमची उत्तरेकडची गाडी अर्धी रिकामी होती. याचं कारण मार्गदर्शकाने सांगितलं. तेतच्या आधी सगळी गर्दी उत्तरेकडे असते. सायगॉनला पोटासाठी आलेली माणसं घरी जातात. तेत झाला की उलट. ही रेल्वे एकेरी मार्गाची आहे, आपल्या कोकण रेल्वेसारखीच क्रॉसिंगसाठी थांबत थांबत जाते. आमची गाडी बाजूच्या रुळावर उभी राही आणि समोरून हनोईची गाडी येई. खच्चून भरलेली. खिडक्यांत डोकी, मांडीवर मुलं, खोकी, पिशव्या. ती गाडी दक्षिणेकडे निघून गेली की आमची हले. हे दिवसातून कितीतरी वेळा झालं. सातशे वर्षांची चाल इतिहासात संपली असं मी समजत होते. ती समोरच्या रुळावरून जात होती.

सायगॉनपासून सहा तासांवर एक स्टेशन येतं, थाप चाम. अर्थ, चाम लोकांचे मनोरे. गाव फान रांग. आणि फान रांग हा शब्द आला आहे 'पांडुरंग' या नावावरून.

हे मला निघण्यापूर्वी वाचून माहीत होतं, तरी फलाटावर उतरताना पोटात कालवलं. पांडुरंग हे चाम लोकांच्या दक्षिणेकडच्या राज्याचं नाव होतं. चंपा नावाने ओळखली जाणारी त्यांची राज्यं या किनाऱ्यावर हजाराहून अधिक वर्षं नांदली. अमरावती, विजय, कौठार, पांडुरंग. नावं वाचताना वाटतं, आपल्याच कुठल्या ताम्रपटातली यादी आहे. तिथला पांडुरंग म्हणजे आपला विठोबा नव्हे. चाम राजांची भक्ती मुख्यतः शिवाची होती आणि पंढरपूरशी त्या नावाचा धागा जोडायचा मोह आवरायलाच हवा. पण नाव कानावर पडल्यावर हात जोडले जातात, त्याला इलाज नाही. आमच्यातल्या दोघीजणी जोडून मोकळ्या झाल्या आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फान रांग हा देशातला सर्वांत कोरडा भाग. व्हिएतनाम म्हटलं की हिरवंगार भातशेत डोळ्यांपुढे येतं. इथे निवडुंग, मिठागरं, मेंढ्यांचे कळप आणि द्राक्षांचे मांडव. सांगलीकडच्या माणसाला परकं वाटणार नाही असं. टेकडीवर पो क्लोंग गरायचे विटांचे मनोरे उभे आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस, चौदाव्याच्या आरंभी राजा जय सिंहवर्मा याच्या काळात हे मंदिर उभं राहिलं. दारावर नाचणारा शिव, आत नंदी आणि गाभाऱ्यात मुखलिंग, लिंगावर राजाचा चेहरा. हा जय सिंहवर्मा लक्षात ठेवायला हवा, तो पुढे हाय वानच्या घाटात पुन्हा भेटतो.

मंदिर जितं आहे. व्हिएतनाममध्ये आज सुमारे पावणेदोन लाख चाम आहेत. त्यांच्यातले काही शिवपूजक, ज्यांना 'बालामोन' म्हणतात, आणि तो शब्द ब्राह्मण शब्दावरूनच आला. काही बानी, म्हणजे आपल्या पद्धतीने इस्लाम मानणारे. जवळच्या बाव चुक गावी चाम बायका चाकाशिवाय मडकी घडवतात. मडकं जागेवर राहतं आणि बाई त्याच्याभोवती वाकून पाठमोरी गोल फिरते. 2022 मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या वारशांत घेतली. आम्ही पाहिलेली बाई सत्तरीची असेल. तिच्याभोवती आम्ही उभे आणि ती मडक्याभोवती फिरतेय. कुणी बोललं नाही.

चाम लोकांच्या बाजूने बघितलं की 'दक्षिणेकडची चाल' हा शब्द वेगळा ऐकू येतो. जाणाऱ्याला ती चाल, ज्याच्या अंगावर आली त्याला ती रेटारेटी. पांडुरंगाचं छोटं संस्थान तर विचित्र नशिबाचं. सीमा त्याला ओलांडून पुढे सायगॉनपर्यंत गेली, तरी ते मागे बेटासारखं तग धरून राहिलं. 1832 मध्ये सम्राट मिन्ह मांगने ते गिळलं, तेव्हा चंपा संपली. नाम तिएनची गोष्ट सांगताना व्हिएतनामी पूर्वजांचे कष्ट सांगावेत, ते खरेच आहेत. पण ज्या घरात ते शिरले, ते रिकामं नव्हतं. ही गोष्ट सांगायची टाळणारी कुठलीही सहल अर्धी आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

न्या चांगला मात्र मला थोडा दिलासा मिळाला. हे पूर्वीचं कौठार. 1653 मध्ये ते न्वेन सरदारांच्या हाती गेलं. नदीकाठच्या उंचवट्यावर पो नगरचं मंदिर आहे. ही चामांची दशभुजा देवी, त्यांच्या लेखी देशाची माता. देश गेला, चाम माणसं पांगली, देवी मात्र तिथेच बसून राहिली. जिंकणाऱ्यांनी तिला हलवलं नाही. त्यांनी तिला आपल्या भाषेत 'थिएन इ आ ना' म्हटलं, आपल्याकडची रेशमी वस्त्रं नेसवली आणि आई म्हणून तिच्या पाया पडू लागले. आम्ही गेलो तेव्हा तेतनंतरची रांग होती. फळांची ताटं, उदबत्त्यांचा धूर, नातवाला पुढे करणाऱ्या आज्या. त्यांतल्या किती जणींना ही मुळात कुणाची देवी हे आठवत असेल? नसेल आठवत तरी हरकत नाही, असं मला तिथे वाटलं. फान रांगला हेच मी मान्य केलं नसतं.

न्या चांगहून रात्रीची गाडी. विजय या चाम राज्याचा मुलूख झोपेतच मागे पडला, जिथे 1471 मध्ये सम्राट ले थान तोंगने चंपेचं कंबरडं मोडलं. त्याने नवी सीमा एका डोंगरावरच्या शिळेवर कोरली, असं सांगतात. त्या डोंगराचं नावच 'दा बिया', शिलालेखाचा दगड. मी खिडकीला डोकं लावून बघायचा प्रयत्न केला, पण बाहेर काळोख होता.

सकाळी दा नांगला उतरलो तेव्हा हवा बदललेली होती आणि मार्गदर्शकही. आता मध्य व्हिएतनामची एक मुलगी आमच्याबरोबर होती. दक्षिणेच्या बोलीत सूर पाच, उत्तरेच्या सहा, आणि मधल्या भागाचे सूर जड, खालच्या पट्टीतले. ती सायगॉनला शिकायला गेली तेव्हा वर्गातल्या मुलांना तिचं बोलणं समजत नसे, असं तिने हसत सांगितलं. कोल्हापूरची मुलगी सावंतवाडीत गेली तर बुजेल, तेवढंच नव्हे, त्याहून पुष्कळ जास्त.

होई आनला आम्ही चार रात्री राहिलो. सहलीतला सगळ्यात संथ भाग तो आणि सगळ्यात सुखाचा. थू बोन नदीच्या मुखाशी हे जुनं बंदर. जपानी, चिनी, पोर्तुगीज सगळे इथे उतरत. नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं दा नांगला जाऊ लागली आणि गाव जसंच्या तसं राहून गेलं. जपानी पूल वीस हजार डाँगच्या नोटेवर छापलेला आहे, तो आम्ही नोट हातात धरून बघितला. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून कंदील लावतात, ती रात्र आम्हाला मिळाली.

याच किनाऱ्यावर सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी व्हिएतनामी भाषा रोमी लिपीत लिहायला घेतली. त्यांतले अलेक्सांद्र द रोड आधी गोव्यात येऊन राहिले होते. 1619 मध्ये ते लिस्बनहून निघाले आणि गोव्याकडून पुढे सरकायला त्यांना दोनेक वर्षं लागली. ज्या गोव्यात फादर स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रोमी लिपीत छापलं गेलं होतं, त्याच गोव्यात. रोडचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश 1651 मध्ये रोममध्ये निघाला. आपल्याकडे मराठी रोमी लिपीत टिकली नाही. त्यांच्याकडे पुढे तीच देशाची लिपी झाली. आज व्हिएतनामी पाटीवर डोक्यावर-पायाखाली खुणा लावलेली अक्षरं दिसतात, त्यांच्या मुळाशी ही होई आनची आणि थोडी गोव्याची गोष्ट आहे.

एका सकाळी मी सोन पाहिलं. डोंगरांच्या कुशीत विटांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत गेलेली. पहिलं राजा भद्रवर्म्याने बांधलं, देवाचं नाव भद्रेश्वर. 1969 च्या अमेरिकी बाँबफेकीत त्यांतली बरीच पडली. खड्डे अजून दिसतात, आता त्यांत गवत आहे. काही गटांची डागडुजी भारतीय पुरातत्त्व विभागाने केली आणि 2020 मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं एका दगडात घडवलेलं शिवलिंग सापडलं. विटा एकमेकींवर अशा बसवल्या आहेत की चुना-मातीची रेघ दिसत नाही. तिथे हात लावू देत नाहीत. लावावासा फार वाटतो.

दा नांग आणि ह्वे यांच्यामध्ये हाय वानचा घाट. समुद्र आणि ढग, असा नावाचा अर्थ. इथल्या 'हाय'चा सूर निराळा, म्हणून हा 'दोन' नव्हे. बोगदा 2005 मध्ये झाला, पण आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याने गेलो. माथा 496 मीटर, म्हणजे आपल्या खंडाळ्यापेक्षाही ठेंगणा. पण हा घाट हवा कापतो. दक्षिणेच्या उतारावर ऊन होतं. माथ्यावर विटांच्या जुन्या वेशीपाशी धुकं. पलीकडे उतरू लागलो तर काचेवर थेंब, आणि आमच्यातल्यांनी पिशव्या उघडून स्वेटर काढले. एका घाटात ऋतू बदलला. दक्षिणेत उन्हाळा आणि पावसाळा असे दोनच ऋतू, इथून वर थंडी सुरू होते.

आणि इथे जय सिंहवर्मा पुन्हा भेटतो. 1306 मध्ये त्याला उत्तरेच्या दाय व्हिएत राज्याच्या राजघराण्यातली हुएन चान ही राजकन्या दिली गेली. त्याबदल्यात त्याने आपले दोन प्रांत दिले, घाटाच्या उत्तरेचा, ज्यात आजचं ह्वे येतं, तो मुलूख. वर्षभरात राजा वारला. चाम रिवाजाप्रमाणे तिला त्याच्या चितेवर जावं लागू नये म्हणून माहेरच्यांनी माणूस पाठवून तिला परत नेलं. मुलगी परत गेली, जमीन परत आली नाही. सीमा रक्ताशिवाय सरकली अशी ही एक वेळ, पण किंमत एका तरुण मुलीने मोजायची होती. फान रांगच्या टेकडीवर त्याच्या काळातलं मंदिर बघून आलेल्या आम्हाला ही गोष्ट घाटात ऐकताना बरं वाटलं नाही.

ह्वे म्हणजे कावडीचा खांदा. 1802 मध्ये न्वेन घराण्यातल्या जा लाँगने सगळा देश एका राज्याखाली आणला, तेव्हा त्याने राजधानी उत्तरेच्या टोपलीत ठेवली नाही आणि दक्षिणेच्याही नाही. जिथे दांडी खांद्यावर टेकते तिथे ठेवली. 1945 पर्यंत ती तिथे होती. तटबंदी, दरवाजे, सुगंधी नदी, आणि 1968 च्या लढाईने उद्ध्वस्त झालेली मोकळी मैदानं, जिथे महाल होते. ह्वेचं जेवण तिखट आणि नेमकं, लहान लहान बशांत. दक्षिणेच्या गोडसर, नारळाच्या दुधातल्या जेवणानंतर जीभ जागी झाली.

ह्वेच्या वर देश सगळ्यात अरुंद होतो आणि सगळ्यात जखमी. बेन हाय नदीवर 1954 ते 1975 दोन व्हिएतनामांची हद्द होती. तिथल्या हिएन लुआँग पुलाला अर्ध्यावर रंग बदललेला, आजही तसाच ठेवला आहे. त्याच्या आणखी उत्तरेला जान्ह नदी. तिथे सतराव्या शतकात उत्तरेच्या चिन्ह आणि दक्षिणेच्या न्वेन सरदारांत 1627 पासून 1672 पर्यंत लढाया झाल्या आणि देश दीडशे वर्षं दोन राहिला. एकाच चिंचोळ्या जागी दोनदा तुटला. त्या पहिल्या फाळणीत दक्षिणेला 'आतली बाजू' आणि उत्तरेला 'बाहेरची बाजू' म्हणत, आणि भाषेने ते अजून सोडलेलं नाही. सायगॉनला जायचं तर व्हिएतनामी माणूस 'आत जातो' म्हणतो. हनोईला जायचं तर 'बाहेर जातो'. आपल्याकडे कोकणात उतरतात आणि घाटावर चढतात, त्याला डोंगराचं कारण आहे. इथे कारण आहे एक जुनं भांडण.

पुढे ङांगची खिंड, 1069 पूर्वीची सीमा. तिच्या उत्तरेला चंपा संपते आणि थोरल्याचं घर सुरू होतं. निन बिन्हला पाण्यातून वर आलेले चुनखडीचे डोंगर आहेत आणि तिथे बायका पायांनी वल्ही मारतात, हात मोकळे ठेवून. होआ लू इथे 968 मध्ये दिन्ह बो लिन्हने राजधानी केली. जवळच ताम दिएपच्या टेकड्या आहेत. 1789 मध्ये हनोई चीनच्या सैन्याच्या ताब्यात होती, तेव्हा दक्षिणेकडून निघालेल्या क्वांग चुंगने इथे सैनिकांना तेत आधीच साजरा करायला लावला आणि सांगितलं, सणाच्या सातव्या दिवशी हनोईत जेवू. तो पाचव्याच दिवशी तिथे पोचला. तो होता बिन्ह दिन्हचा, विजयच्या मुलखातला, म्हणजे धाकट्यांच्या प्रदेशातला. धाकटा थोरल्याच्या मदतीला धावून आला, असं मी माझ्यापुरतं म्हणून घेतलं.

हनोईत झिमझिम पाऊस होता. 'मुआ फुन' म्हणतात त्याला, पाऊस म्हणावा इतका जड नाही, धुकं म्हणावं इतकं हलकं नाही. कुंड्यांत आता पिवळी 'माय' नव्हती, पीचची गुलाबी फुलं होती. सायगॉनला 'फो'च्या वाटीबरोबर पानांचा ढीग, मोड आलेले मूग आणि गोड सॉस ठेवत. इथे नितळ रस्सा, कांद्याची पात, बस. 1954 मध्ये देश फाटला तेव्हा लाखो माणसं उत्तरेतून दक्षिणेला गेली आणि ती फोही घेऊन गेली. आपण खाल्लेली सायगॉनची वाटी याच वाटीची धाकटी बहीण. अंगात घालायच्या 'आव् याय'चा उच्चार इथे 'आव् झाय' झाला. नवा मार्गदर्शक स्वतःला 'कोन' म्हणत नव्हता, 'चाव' म्हणत होता, म्हणजे भाचा. लेकराचा भाचा झाला आणि एक पाऊल लांब उभा राहिला.

1010 मध्ये ली थाय तोने होआ लूहून राजधानी इथे आणली. साहित्य मंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर विद्वानांच्या नावांचे 82 शिलालेख आहेत, 1442 पासूनचे. नावं चिनी अक्षरांत. अस्सल, मुळातला, पहिला व्हिएतनाम बघायला इथवर आले, तर इथे हजार वर्षांच्या चिनी अमलाची खूण दगडात कोरलेली. इसवी सनापूर्वी 111 ते इसवी सन 938. थोरल्याच्या अंगावरही कुणाची तरी चाल आली होती, तीही उत्तरेकडून, आणि तो नुसता राहिला नाही, टिकला. इतिहास संग्रहालयात मला न्या चांगजवळच्या वो कान्हचा शिलालेख दिसला. आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या संस्कृत लेखांपैकी एक. चामांच्या मुलखातला दगडही आता थोरल्याच्या घरी आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते.

हा लाँगच्या खाडीत एक दिवस गेला. सुंदरच आहे, सगळे सांगतात तसं.

शेवटच्या संध्याकाळी माझ्या यजमानांना रेल्वे स्टेशन बघायचं होतं म्हणून आम्ही दोघं हनोई स्टेशनवर गेलो. दक्षिणेची गाडी उभी होती. एक बाई डब्याच्या दाराशी उभी राहून आत असलेल्या मुलाला पानांत बांधलेले चौकोनी 'बान्ह चुंग' देत होती, तेतचे उरलेले. एक, दोन, तीन, चार. तो पुरेत म्हणत होता. पाचवा तिने खिडकीतून दिला. तिच्या शेजारी वयाने थोडा मोठा, तिच्यासारख्याच चेहऱ्याचा एक माणूस मोकळ्या हातांनी उभा होता. गाडी हलली तेव्हा बाई चार पावलं तिच्याबरोबर चालली. तो माणूस चालला नाही. तिची पिशवी उचलून तिथेच थांबला, ती परत येईपर्यंत.